आधी थोडा आवळ

व्हॅनची सीट उचलली की खाली इंजिन.
कुमुद नंदेश्वर यांची शाळेची व्हॅन.
सीटच्या फटीत दोन खोडरबर, एक शिसपेन्सिल, चिंचोका.
ते मी डॅशबोर्डवर नीट मांडून ठेवले,
सव्वीस जूनला पोरं येतील मागायला.

मॅनिफोल्डचे चार बोल्ट निघाले शहाण्यासारखे.
पाचवा बसला होता.
वर्धा रोडच्या कोण्या घाईखोरानं
भलताच पाना लावून सहाही कोपरे गोल केलेले,
अर्धी चोखून ठेवलेली गोळी जशी.

मे महिना. गड्डीगोदामात दुपारी दोनला
उन्हात राहिलेला पाना उचलायला फडकं लागतं.
कूलरचं पाणी संपलेलं, तो नुसताच ओरडतोय,
आणि राजरतन म्हणतो, काका, छन्नी मारू का?
मार ना बे. मग हेडही तूच आण विकत.

फडक्यानं काजळी पुसली
तर त्या गोल माथ्यावर मधोमध एक ठिपका.
सेंटर पंचचा. ज्वारीच्या दाण्याहून बारीक.

सोमाजी उके.

बोल्ट कसला की पंच ठेवून एकदाच हातोडी मारायचे.
माझा हात लागला याची पावती, म्हणायचे.
सही करायचीच असेल तर ते तिथंच करत.
पान्याला हातभर पाइप जोडून कसायचे, दात दाबून,
जसं काही आख्खं कामठी रोड
त्या एका बोल्टवर लटकलेलं आहे.
गेले त्याला आठ वर्षं झाली.
हात गेला.
कसलेलं राहिलं.

राजरतनला हे सांगितलं नाही.
म्हटलं, तेल सोड. डिझेलमध्ये ब्रेक ऑइल, थेंब थेंब.
पाहत बसू नको, लोखंड पिते,
पण कोणासमोर पीत नाही.
रात्र जाऊ दिली.

सकाळी पेट्रोलच्या नळीवर ओलं पोतं, बाजूला बादली.
बोल्टभोवती गॅसची ज्योत फिरवली, विझवली,
मग मेणबत्ती टेकवली.
मेण आट्यांत ओढलं गेलं निमूट
आणि वीज गेलेल्या घराचा वास सुटला गॅरेजभर.
बाराच्या माथ्यावर अकराचा सॉकेट ठोकून चढवला.

आता उलटा फिरवू?
नाही. आधी थोडा आवळ.
काहून?

हेच मी विचारलं होतं, ह्याच शब्दात,
आणि उके मिस्त्रींनी उत्तराऐवजी टपली मारली होती.
मी टपली मारली नाही.
धरून बसलेल्याला आधी वाटलं पाहिजे
की आपण त्याच्याच बाजूचे आहोत,
असं कायतरी बोललो, आणि मलाच हसू आलं.

आवळला. केसभर.
सोडला. पुन्हा आवळला.
दोन आवाज असतात पोरा, कान दे.
कोरडा टक आला तर समज तुटला,
मग ड्रिल, मग शिव्या,
मग लेथवाल्याच्या पाया पडणं.
आणि दुसरा

किर्रर्र.

राजरतननं माझ्याकडे पाहिलं. मी पान्याकडे.
पाव आटा. मागे. अर्धा. मागे. तेल. पुढे.
शेवटी तर बोटांनीच आला.
माथा गंजून कोळसा झालेला,
पण आत, जिथं हवा पोचली नव्हती,
आटे पांढरे, काल कापल्यासारखे.

नवा बोल्ट. आट्यांना तांब्याचं ग्रीस.
पाइपकडे हात गेला होता.
राहू दिला. मनगटाइतकाच कसला,
कोणाला तरी पुन्हा उघडावा लागेलच.

संध्याकाळी कुमुदताई आल्या, डोक्याला ओढणी गुंडाळून.
एका बोल्टचे साडेचारशे?
आणि दोन दिवस?
बरं, जुना दाखवा तरी.

माझा हात खिशात होता.
कुठं पडला कोण जाणे, म्हटलं.
आणि राजरतन लगेच गुडघ्यांवर बसून
व्हॅनखाली शोधायला लागला.