रिव्हर्स

वसमत रोडला, दुसऱ्या मजल्यावर
मन्मथने ग्रेट डेन आणला.
कुळ जर्मनीचं, म्हणाला.
मी म्हटलं, मग पत्ता बरोबर आहे:
जगात जर्मनी, भारतात परभणी.

पिल्लू होतं तेव्हा बुटाच्या खोक्यात मावायचं.
आता पॅसेजात वळता येत नाही त्याला;
स्वयंपाकघरापर्यंत जातो
अन् ट्रकसारखा रिव्हर्स येतो,
शेपटीने भिंत चाचपत.

मे महिन्यात अकरा ते पाच न्हाणीघर त्याचं.
ओल्या फरशीवर पसरतो,
घरचे दाराशी टॉवेल घेऊन उभे.
टँकरवाला विचारतो, माणसं किती?
वहिनी पाच सांगतात.
मोजली तर चारच भरतात.

रात्री साडेअकराला डांबर निवतं.
मैदानात मन्मथ साखळी सोडतो.
तो पळत नाही लगेच.
आधी जागच्या जागी
एक अख्खी गिरकी
घेऊन बघतो.