गुरुवारचं पाणी

बुधवारी रात्री मी पिंप भरतो,
निळं, शंभर लिटरचं, बाथरूमच्या दारात अडणारं.
गुरुवारी धनकवडीत पाणी बंद,
हे पेपरच्या आधी माझ्या गुडघ्याला कळतं.

नळाचं पाणी थेट चालत नाही यांना.
एक रात्र ते उघडं झोपवायचं,
बदामाची दोन वाळकी पानं त्यात सोडायची,
फिका, बिनसाखरेचा चहा होतो.
मग कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा,
चष्मा कपाळावर, डोळे बारीक,
सोनारासारखा.

"मासे काय, कोणीही पाळतं,"
नाना पेठेतला मुख्तारभाई म्हणाला होता
पिशवीला रबर लावता लावता,
"तुम्ही पाणी पाळा. मासे राहतील त्यात."
चार डिस्कस. बशीएवढे व्हायचे होते,
तेव्हा मारी बिस्किटाएवढे.
किंमत मी घरी निम्मी सांगितली.
तेव्हा घरी सांगायला कोणी होतं.

त्यांच्या उबेत माझी निम्मी रोपं विरघळली.
उरली ती अ‍ॅनुबियस, व्हॅलिसनेरियाच्या पट्ट्या,
आणि रुंद पानांचं एक अ‍ॅमेझॉन सोर्ड,
जे कशालाच कंटाळत नाही.

खालच्या मजल्यावरच्या खाडिलकर काकूंचा हिशेब:
रोज दोन बादल्या, म्हणजे महिन्याच्या साठ,
"आणि आम्ही तांदळाचं धुवण कुंडीत ओततो!"
टाकीतलं जुनं पाणी मी त्यांच्या जास्वंदीला नेऊन घालू लागलो.
जास्वंद बोलत नाही, फुलते.
काकूही हल्ली बोलत नाहीत, कळ्या मोजतात.

डिसेंबरात वीज गेली, रात्री दीडला.
फिल्टरची घरघर थांबली की मला जाग येते.
काचेला तळहात लावला: सव्वीस असेल. की पंचवीस?
घरातली एकुलती एक दुलई टाकीला गुंडाळली,
गॅसवर पाणी तापवून थंड पेयांच्या बाटल्यांत भरलं,
बाटल्या पट्ट्यांमधून तरंगत राहिल्या
आणि मी टॉवेल पांघरून बसलो,
मासे पांघरुणात.
साडेचारला फ्रिजने उचकी दिली.

दोनदा अंडी घातली त्यांनी, सोर्डच्या पानावर.
दोनदा स्वतःच खाल्ली.
मी कोणाला दोष दिला नाही.
तिसऱ्या वेळी पिल्लं पोहू लागली,
पापणीच्या केसाएवढी,
आणि जाऊन आईबापाच्या अंगाला चिकटली.
अंगच खातात ती.
कातडीवर साय धरते, आईच्याही, बापाच्याही.

शाल्मली शनिवारी येते, औंधहून.
तिची आई फाटकाशी सोडते, गाडी बंद न करता.
या वेळी चप्पल न काढताच ती स्टुलावर चढली,
नाक काचेला,
आणि मी आठवडाभर रोज बसून जे पाहिलं नव्हतं
ते तिने पाचव्या मिनिटाला पाहिलं:
मादी दमली. अंगाला एक झटका दिला.
सगळी पिल्लं, फुंकर मारल्यावर धूर सरकावा तशी,
नराकडे.
थोड्या वेळाने त्याचा झटका. परत तिकडे.

"भांडलेत का ते?"
"नाही गं. आळीपाळीने सांभाळतात."
"झटका लागतो का पिल्लांना?"

मी थर्मामीटर वाचला.
एकोणतीस पूर्णांक पाच.

ती बराच वेळ उभी होती.
मग म्हणाली, ते एक बघ, मध्येच थांबलंय.
होतं. दोन्ही माशांच्या मधल्या पाण्यात,
एक केस, शेपटी हलवत,
कुणीकडेच न जाता.
आम्ही दोघांनी श्वास धरला.
तेवढ्यात कुकर झाला आणि मी उठलो,
म्हणून पुढचं मला माहीत नाही,
आणि मी तिला विचारलंही नाही.

रविवारी पाच वाजता एक मोजा सापडेना.
खाली दोनदा हॉर्न.
एका पायात मोजा घालून ती जिना उतरली,
पहिल्या मजल्यावरून ओरडली,
"बाबा, बुधवारी पिंप भर हं!"
काकूंचं दार किलकिलं झालं.

भरतोच मी. न सांगताही भरतो.
पण त्या बुधवारी इतकं भरलं
की झाकण बसेना.