चहाएवढा वेळ

तोक्तोसुन बाइकेच्या दारात गाडी कधीच अडत नाही.
किल्ली फिरवली की लगेच सुरू,
पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी.
खोटारडी ठरते मी,
तिसऱ्यांदा.

पावाच्या लादीसारखी चौकोनी, रशियन,
माझ्याहून चारच वर्षांनी लहान.
मागे लसींचा डबा, दोरखंड,
अडलेलं वासरू ओढायच्या साखळ्या.
नारीनच्या बाजारात प्रत्येकाकडे तिचं निदान तयार.
थंडी, म्हणाला एक.
बॅटरी, म्हणाला बॅटऱ्या विकणारा.
घेतली. मग स्टार्टरही बदलला,
दोन गाभण मेंढ्यांच्या किमतीत.
आठ दिवस बरे गेले, आणि पुन्हा
टक्.
एवढंच. टक्.
दिवे मात्र लख्ख.

बाइकेने काहीच बदललं नाही.
बोटं पुसली आणि विचारलं,
जे मी मेंढपाळांना विचारते :
कधीपासून? उभ्या उभ्या, की चालून आल्यावर?
मला लाज वाटली.
अठरा वर्षं मुक्या जनावरांच्या पोटाला कान लावते मी,
आणि स्वतःच्या गाडीला
एक प्रश्न विचारला नव्हता.

मग लसीकरणाच्या वहीत, मागच्या पानांवर
तारीख, हवा, कुठे, किती वेळ थांबले.
उणे अकराची पहाट : सुरू.
रात्रभर बर्फात : सुरू.
दोलोन खिंड चढून, उऊलबोलसुनकडे चहा घेऊन : टक्.
बुधवारी, परत तिथेच : टक्.
एका नोंदीवर मेंढीच्या औषधाचा डाग आहे, वाचता येत नाही.
बाइकेने वहीवर काळं बोट ठेवलं.
"थंडी नव्हे, बुरुलचा. ऊब."

तर आम्ही दोघं खिंड चढलो.
वर चहा. मग दुसरा.
उऊलबोलसुन म्हणाली, कुणाची वाट बघताय?
बिघाडाची, तो म्हणाला.
वीस मिनिटं झाल्यावर मी किल्ली फिरवली.
टक्.
त्याचा चेहरा असा उजळला
की मला राग यायला हवा होता.

तो मीटर घेऊन खाली सरपटला.
फिरव, म्हणाला. पुन्हा फिरव.
बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या अंगापर्यंत
काटा जेमतेम हलायला हवा,
तिथे तीन व्होल्ट वाटेतच बेपत्ता.
"जायची वाट सगळे तपासतात,"
गाडीखालून आवाज आला,
"परतीची कुणी नाही."

अर्थिंगचा पट्टा. पट्टा धड, बोल्ट घट्ट,
आणि दोघांच्या खाली, चासीवर,
हिरवा रंग.
दोन जाड हात. एकही ओघळ नाही.

कुबानिचने दिला होता तो,
नोवोसिबिर्स्कला निघायच्या आधीच्या आठवड्यात,
बोल्ट न् बोल्ट सोडवून, उताणा झोपून,
जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेसुद्धा.
"गंज नको लागायला, एजे."
पापण्यांवर हिरवे ठिपके घेऊन बसमध्ये चढला.

बाइके चाकूच्या धारेने खरवडू लागला.
किती काढणार, मी विचारलं.
नाण्याएवढं, म्हणाला.
मग वर बघून : छोट्या नाण्याएवढं.

ग्रीस, बोल्ट. पुन्हा खिंड, पुन्हा चहा, तीनदा,
कारण एकदा सुरू होणं हा काही पुरावा नव्हे,
एकदा तर ती नेहमीच होते.
पैशांचं विचारलं तर म्हणाला,
बोकडाचे खूर बघून जा माझ्या.

रविवारी कुबानिचचा फोन.
गाडी चालते ना, एजे?
चालते.
आणि रंग?
आहे तसाच, म्हणाले मी.
मध्येच खरखर, मध्येच त्याचा श्वास.
परत कधी, एवढं विचारेपर्यंत
लाइन गेली.

वही जवळच होती.
तारीख लिहिली. हवा. किती मिनिटं.