शेवटचं अक्षर

पटवर्धन बागेच्या मागच्या गल्लीत
जिथे खळदकरांची गिरणी होती
तिथे आता फ्रेंच बेकरी आहे.
पीठ आहेच. आवाज तेवढा गेला.
पूर्वी रांगेत डबे उभे असायचे,
झाकणावर खडूनं आडनाव.
आता रविवारी माणसं उभी असतात.

मी मधल्या वारी जाते, साडेसातला,
गुडघ्यांना विचारून.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी
टेलिफोन ऑफिस सुटलं की
सायकल मारत रानडेला जायचे, फ्रेंच शिकायला.
तीन वर्षं, तीन प्रमाणपत्रं,
पैकी एक कसरीनं खाल्लं.
कारखानीस बाई सांगायच्या :
काही क्रियापदं वेगळ्या घरची.
जाणं, येणं, निघणं, पोचणं, पडणं,
जन्मणं, मरणं.
बाकीच्यांना भूतकाळात 'जवळ असणं' लागतं,
यांना नुसतं 'असणं'.
मी खाल्लं, म्हणजे माझ्याजवळ आहे खाल्लेलं.
पण मी गेले,
म्हणजे मी आहे, गेलेली.
आणि जाणारी बाई असेल
तर शेवटी एक जादा अक्षर.
लिहायचं. उच्चारायचं नाही.

मी पानंच्या पानं लिहिली.
मी पॅरिसला गेले. मी पॅरिसहून आले.
जादा अक्षरासकट, एकदाही न विसरता.
पासपोर्ट काढला तो पुढे, मुलाच्या न्यू जर्सीसाठी.
विमान वरून गेलं असणार,
समोरच्या पडद्यावर ठिपका होता म्हणे.
मला डुलकी लागली होती.

काउंटरवर परमेश्वर असतो.
छातीवरच्या पट्टीवर तसंच लिहिलंय.
गेवराईकडचा. मनगटापासून कोपरापर्यंत
भट्टीचे चटके, फूटपट्टीवरच्या रेघांसारखे.
फळ्यावर त्यानं लिहिलं होतं : क्रोईसंट.
मी पहिल्याच दिवशी म्हटलं,
शेवटचा 'त' म्हणायचा नसतो.
'माहितीये काकू.
पाँडिचेरीत आमचा म्हातारा त्यापायी लाटणं फेकायचा.
पण 'त' गिळला की गिऱ्हाईक विचारतं,
काय म्हणालात?'

त्यालाही फ्रेंच येतं.
थांब. गार होऊ दे. परत दुमड.
हात काढ, गाढवा.
सगळं आज्ञार्थी.
माझा आज्ञार्थ कायम कच्चा राहिला,
परीक्षेतही, घरातही.

आज त्यानं एक आडवा कापून दाखवला.
'सत्तावीस पदर. तीनदा तीन घड्या,
दर घडीला फ्रीज.'
आपले चिरोटेच की, मी म्हणाले, साटा लावून.
'हो, पण चिरोटे शिकायला
कोणी सहा महिने परमुलखात टाकत नाही.'
मग सुरी पुसत :
'घाई केली ना काकू, तर लोणी जातं.'
कुठे जातं?
'जातं म्हणजे, गेलेलंच असतं.
आपल्याला भट्टी उघडल्यावर कळतं.'

मी खिडकीशी बसले.
कॉफी कडू, साखर मागायची लाज वाटली, मागितली.
पहिल्या घासाला मांडीभर कपचे,
ओढणीवर, चष्म्याच्या दोरीत,
तीन प्रमाणपत्रांत कुठेच नव्हतं
की हे इतकं सांडतं.
बाहेर कचऱ्याची घंटागाडी, शाळेची रिक्षा,
कुणीतरी कुणाला 'अगं डबा' म्हणून ओरडलं.

बिलाच्या पाठी मी लिहून पाहिलं.
हात विसरला नव्हता. जादा अक्षर
आपणहून शेवटी येऊन बसलं.
परमेश्वर फडकं घेऊन आला, वाकून बघायला लागला.
'हे काय?'
गेले, मी म्हणाले.
'कुठं? अजून तर बसल्यात की.'
आणि त्यानं टेबल पुसलं,
माझ्यापुढचं तेवढं सोडून.