नव्वद नंबर

दिवाळ्याच्या जेटीमागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
खिडकीच्या फळीवर सात बरण्या.
प्रत्येकीत अर्धं तेल, अर्धं खाडीचं पाणी,
आणि तळाशी एक साधा खिळा.
झाकणांवर खडूने तारखा, माझ्या अक्षरात.
एक बरणी लोणच्याची होती. तिच्यातल्या तेलाला
अजून मोहरीचा वास येतो,
की गंधकाचाच तो? मला आता फरक कळत नाही.

संध्याकाळी हलवायच्या, सकाळी बघायच्या.
हे हसुरामकाकाचं शास्त्र.
मी आयटीआयच्या त्या बॅचमधली एकटी मुलगी,
मला आकडे पाठ होते:
ऐंशी डब्ल्यू नव्वद, पंच्याहत्तर डब्ल्यू नव्वद,
चाळीस अंशाला किती जाड, शंभरला किती पातळ.
काका ऐकून घ्यायचा, मग म्हणायचा,
"आकरं बराबर हान पोरी,
पन त्यांना पवता येतं का, ते बग."

मंगळवारी तो मुलगा आला, पामबीचवरचा,
विसाव्या मजल्यावरून खाडी दिसते त्याला.
बोटीला दोन इंजिनं, एकेक तीनशे घोड्यांचं.
"सगळ्यात भारी तेल कुठलं?"
फोनमध्ये चंदेरी बाटली दाखवली.
"रेसवाले हेच टाकतात."
मी म्हटलं, रेसवाले प्रत्येक शर्यतीनंतर बदलतात.
तू कधी बदललंस?
तो आठवायला लागला. गणपतीपर्यंत मागे गेला,
मग त्याच्याही आधीच्या गणपतीपर्यंत.

चंदेरीची बरणी माझ्याकडे होती. दुसरी.
तेल वर, पाणी खाली, मधे रेघ ओढल्यासारखी,
आणि पाण्यातला खिळा तांबूस.
गाडीच्या डिफरन्शियलला ते सोनंच असेल.
तिथे कोण पाण्यात बुडवून ठेवतं दात?
चौथी दिसायला वाईट, गढूळ, पिवळट,
पण पाणी पोटात घेऊनही
खिळ्याला सोडलं नव्हतं तिने.

आधी खालचा स्क्रू, मग वरचा.
डाव्या इंजिनाचं निघालं काळं, ठीकठाक.
उजव्याचं निघालं
दूध जास्त झालेल्या चहासारखं,
घट्ट, थंड, ट्रेमध्ये घडी पडत पडत.
स्क्रूच्या लोहचुंबकावर भुकटी. ती चालते.
भुकटीत एक कपचा. तो चालत नाही.

"मग भारी तेल टाकायलाच हवं ना?" मुलगा म्हणाला.

पंखा उतरवला.
शाफ्टवर तंगूस, निळा,
इतका आवळून बसलेला की ब्लेडने कापावा लागला.
त्यानेच सील खाल्लं होतं.
काकाने तो उलगडला, एकेक वेढा,
दिव्याखाली धरला, अंगठ्याने गाठ चाचपली.
"चाहूची गाठ हाय ही.
उलटी मारतो तो. डावखुरा."

श्रावणात चाहूचं जाळं गेलं होतं सारसोळ्याच्या बाजूला.
आम्हाला वाटलं होतं, ओहोटीनं नेलं.

मुलगा तंगूसाकडे बघत राहिला.
त्याला त्या रात्री काही लागल्यासारखं वाटलं होतं का,
ते मी विचारलं नाही. काकानेही नाही.
पंप लावला. खालून भरायचं तेल,
वरच्या भोकातून बुडबुडे संपेपर्यंत,
घाई केली की हवा आत राहते
आणि पुढे कधीतरी, भर वेगात, तीच बोलते.

बिल मीच लिहिलं.
सील दोन. वॉशर चार.
तेल, चौथ्या बरणीतलं, अडीच लिटर.
त्याखाली काकाने पेन मागून घेतलं
आणि शाळा सोडल्यापासूनच्या अक्षरात लिहिलं:
जाळं, एक.

मुलाने बिल दोनदा वाचलं.
पैसे दिले, मोजून. पावती मात्र
घडी करून पुन्हा फळीवर ठेवून गेला.

ट्रेमधलं ते चहाच्या रंगाचं तेल
मी आठव्या बरणीत ओतलं. खिळा टाकला नाही,
तो कपचाच टाकला.
रोज बघते. अजून काही वेगळं होत नाही.