एकसष्ट ग्रॅम मीठ

बुधवारी तीन वाजता, सेतुबालच्या मच्छीबाजारामागं,
चर्चच्या सभागृहात, जिथं हीटर फक्त आवाज करतो,
मी पाच म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवते.
आज फळ्यावर लिहिलं: पासवर्ड मॅनेजर.
खडू मोडला.

म्हटलं, सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवायचे,
तिजोरीला एकच शब्द. तेवढा लक्षात ठेवायचा.
बाकीचं मशीन बघेल.

सेन्योर अबीलियो, चाळीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासलेले,
चष्म्यावरून बघत म्हणाले, "तिजोरी कुणाची?"
एका कंपनीची.
"कुठली?"
माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.
"आणि तो एक शब्द विसरलो तर?"
तर कंपनीलाही उघडता येत नाही, तीच तर गंमत,
असं मी म्हणाले, आणि गंमत हा शब्द
खोलीभर फिरला, त्याला बसायला खुर्ची मिळेना.

अबीलियोंचा पासवर्ड एकच, सगळीकडे,
दाढीच्या वस्तऱ्यासारखा.
"धार गेलीय. पण हाताला ओळखतो."

ग्रासिएते तर पासवर्ड ठेवतच नाही.
दर वेळी 'विसरलात का?'वर बोट टेकवते,
नवा घेते, वापरते, टाकून देते,
मासळी बांधून आणलेल्या कागदासारखा.
"चोर पोचेपर्यंत कुलूपच बदललेलं असतं माझं."
याचं उत्तर माझ्या पुस्तिकेत नाही.

मी घाबरवून पाहिलं. चोरीचे आकडे सांगितले.
त्यांनी माना हलवल्या, हवामानाच्या बातम्यांना हलवाव्यात तशा.
आयुष्यभर कुणी ना कुणी
नवं कुलूप विकायला दारात आलंय,
आणि प्रत्येकानं आधी जुनी किल्ली मागितलीय.

मग दोना एर्मेलिंदानं पिशवीतून वही काढली.
पिठाच्या डब्याखालची, कडा तेलकट.
वहीत सूप. पानोपान सूप.
कोबीचं, बटाट्याचं, शिंपल्यांचं.
"वाच," म्हणाली.
कांदे तीन. लसूण सात पाकळ्या. मीठ एकसष्ट ग्रॅम.
"एकसष्ट? तोंडात धरवणार नाही."
ती हसली. खालचे दोन दात नाहीत.
"ती बँक आहे, पोरी.
चोराला करून बघू दे सूप.
लेकीला ठाऊक आहे माझा हात किती मिठाचा."

घरी आले.
माझ्या तिजोरीत दोनशे बारा पासवर्ड,
एकही मला येत नाही.
तो एक शब्द तेवढा येतो. दात घासताना पुटपुटते.
आईला माहीत नाही. कुणालाच नाही.
परवा जिन्यात पाय घसरला तेव्हा
कठडा धरायच्या आधी तोच आठवला होता.

आता ओट्याशी उभी आहे, पेन घेऊन.
पाणी चार लिटर.
पुढं काय लिहू, म्हणजे आईच्या लक्षात येईल
की हे मी कधीच शिजवलेलं नाही?