कुणाचा उजवा

पहिल्याच दिवशी चुकले.
यकृत डावीकडे, म्हटलं मी, आणि बोट दाखवलं.
त्सेरेन्दुलम बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कुणाच्या डावीकडे?
ओयुंगेरेल, इथे तुझी बाजू कुणी विचारलेली नाही."

टेबलावर तो उताणा असला
तरी शब्दांसाठी उभाच असतो.
पावलं जुळलेली, नजर समोर,
हात अंगालगत, तळवे पुढे वळवलेले.
पालथा घाला, कुशीवर वळवा, उलटा टांगा,
डोकं वरच, टाचा खालीच.
मधल्या रेषेजवळचं ते आतलं.
हात खांद्यापासून मोजायचा:
कोपर जवळचं, मनगट दूरचं.
मेलेल्या माणसाला इतकं शिस्तीत उभं केलेलं
मी कधी पाहिलं नव्हतं.

उलानबातरच्या वसतिगृहात रात्रभर घोकलं,
तोंडात खडे घोळवावेत तसं लॅटिन,
आणि मध्येच हसू फुटलं.
हे तर आमचं गेर!
दार दक्षिणेला. आमच्या बोलीत
'पुढे' आणि 'दक्षिण' एकच शब्द,
'उजवा' आणि 'पश्चिम' हाही एकच.
कुठल्याही माळावर बांधा,
पाहुणा कुठूनही येवो,
गेर आपली उजवी बाजू बदलत नाही.
पश्चिमेला खोगीर, लगाम, आंबवलेल्या दुधाची पखाल.
पूर्वेला पातेली, डाव, आईची पेटी.
म्हणजे यकृत खोगिराशेजारी,
प्लीहा पातेल्यांत,
आणि हृदय मधोमध, चुलीसारखं,
पण जरा आईकडे सरकलेलं.
आणि ते तळवे?
निळं रेशीम घेऊन कुणी दारात उभं राहावं, तसे.

परीक्षेच्या आदल्या रात्री एर्खेमचा फोन.
"बाबा तळमळतायत. पोटात. पश्चिमेला."
"निजलेत कसे?"
"पालथे. डोकं दाराकडे, ऐकतच नाहीत."
"उताणं कर त्यांना."
खुडबूड. कण्हणं. कुत्रं भुंकलं.
"केलं. ताई, दुखणं पूर्वेला गेलं."

दुखणं कुठेही गेलं नव्हतं.
"एर्खेम, गेर विसर. त्यांना मनात उभं कर,
तोंड दाराकडे. आता सांग,
खोगिराची बाजू की पातेल्यांची?"
बराच वेळ नुसता वारा.
मग, "खोगिराची."
"बेंबी आणि कमरेचं हाड, त्यांच्या मधोमध दाब.
हळू. आता एकदम सोड."

ती किंकाळी मी ओळखली नाही.
बाबांना ओरडताना
मी कधी ऐकलंच नव्हतं.

शेजारच्या दोर्जपालमची जीप सुरू झाली म्हणे,
दुसऱ्या झटक्याला.
तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तीन तास,
नदी गोठलेली असेल तर दोन.
मग फोनची रेंज गेली.

साडेसहाशे किलोमीटर.
दूरचं, असं पुस्तक म्हणेल.
पण ते खांद्यापासून मोजतं.
मी कुठून मोजू?

माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला.
तिच्याकडे पाठ करून उभी राहिले,
पावलं जुळवून, तळवे पुढे.
समोर भिंत होती, भिंतीवर वेळापत्रक.
बाबा उजव्या हाताला होते,
जरा पुढे.